जवळचा उजेड

'मॅडम, देव सगळीकडं सारखाच असंन, तं मोहगावात तो जास्त कसा?'

श्रावणी सोमवार होता. निम्मा वर्ग सौंसरजवळच्या मोहगाव हवेलीला अर्धनारीश्वराच्या दर्शनाला गेला होता. पांढुर्ण्याच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवते. शिकवणे हिंदीत चालते आणि शंका मराठीत विचारल्या जातात, कारण १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. त्या दिवशी विषय होता रामन परिणाम. हजर असलेल्यांपैकी एकाने मध्येच हे विचारले आणि उरलेला वर्ग हसला.

मला तो प्रश्न अगदी नेमका वाटला. त्याची दोन तयार उत्तरे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. बुद्धिवादी म्हणतो, देव असला तर सगळीकडे असेल, नसला तर कुठेच नसेल. मोहगावची वाट म्हणजे फुकटचे श्रम. वेदान्ती जरा सौम्यपणे सांगतो, तीर्थ, मूर्ती, गाभारा हे सगळे मन स्थिर व्हावे म्हणून आहे, अधिकारी माणसाला त्याची गरज नाही. पहिल्याच्या लेखी चालत जाणारा खुळा, दुसऱ्याच्या लेखी खालच्या इयत्तेतला. जवळ जाणे ही गोष्ट मुळातच खरी असू शकते, त्याने खरोखर काही मिळते, ही शक्यता दोघेही विचारात घेत नाहीत. मी ती घेते. घेण्याचे कारण माझ्या विषयात आहे, म्हणून आधी तिकडे वळते.

चंद्रशेखर वेंकट रामन १९१० साली सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी म्हणून नागपुरात होते. तेव्हा नागपूर आणि आमचा सौंसर-पांढुर्ण्याचा भाग एकाच मध्य प्रांतात होता, त्यामुळे ते काही काळ आपल्याच प्रांतात नोकरीला होते असे मी मुलांना अभिमानाने सांगते. १९११ साली ते कलकत्त्याला परतले. तिथल्या बहुबाजार रस्त्यावरच्या संस्थेत के. एस. कृष्णन यांच्यासोबत त्यांनी साठेक द्रवांमधून प्रकाश सोडून पाहिला, आणि २८ फेब्रुवारी १९२८ हा शोधाचा दिवस त्यातून आपल्याला मिळाला. प्रकाश पदार्थातून जाताना जो विखुरतो तो बहुतेक जसाच्या तसा विखुरतो. कोटीत एखादा फोटॉन मात्र रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन किंवा त्याच्याकडून थोडी घेऊन बाहेर पडतो, आणि त्याचा रंग किंचित बदलतो. तो बदल ही त्या रेणूची स्वतःची खूण असते. बेंझीनची खूण साखरेची नसते, साखरेची संत्र्याच्या सालीतल्या तेलाची नसते.

कोटीत एखादा, ही या शोधाची अडचण. बाटलीभर द्रव असेल तर चालते. मोजके रेणू असले तर त्यांची खूण हाती लागत नाही. दुसरी अडचण त्याहून जुनी. १८७३ साली जर्मनीत एर्न्स्ट आबे यांनी दाखवून दिले की भिंग कितीही उत्तम असो, प्रकाशाच्या लहरीच्या साधारण निम्म्या लांबीपेक्षा जवळ असलेल्या दोन गोष्टी त्यातून वेगळ्या दिसणार नाहीत. दृश्य प्रकाशासाठी ही मर्यादा दोनशे नॅनोमीटरच्या वर जाते. रेणू असतो एखाद्या नॅनोमीटरचा.

रामन यांच्या शोधाच्याच वर्षी, एप्रिल १९२८ मध्ये, आयर्लंडमधल्या एडवर्ड हचिन्सन सिंज यांनी आइन्स्टाइन यांना पत्र लिहिले. सिंज कुठल्या विद्यापीठात नोकरीला नव्हते. नाटककार जॉन सिंज यांचे पुतणे, एवढीच काय ती ओळख. त्यांचे म्हणणे असे होते की लहरीपेक्षा कितीतरी लहान असा सोन्याचा कण पृष्ठभागाच्या अगदी जवळ आणावा, त्यावरून विखुरलेला प्रकाश टिपावा, आणि कण सरकवत सरकवत चित्र काढावे. दुरून पाहायला जे भिंग लागते त्याची मर्यादा मग आड येणार नाही. मूळ कल्पना आइन्स्टाइन यांना बरोबर वाटली, मार्ग मात्र जमणारा वाटला नाही. त्याऐवजी सूक्ष्म छिद्रातून प्रकाश सोडण्याचा विचार त्यांनी सुचवला. सिंज यांनी त्याच वर्षी छिद्राचा लेख छापला आणि सोन्याचा कण मागे पडला. पुढे त्यांना मनाच्या आजाराने गाठले, आयुष्यातली शेवटची बरीच वर्षे इस्पितळात गेली आणि १९५७ साली ते वारले. आमच्याकडे जामसावळीच्या हनुमानापुढे मनाने कोलमडलेल्या माणसांना घेऊन येणारी कुटुंबे दिसतात. त्या गर्दीत मला अनेकदा सिंज आठवतात.

त्यांचा कण परत यायला सत्तर वर्षे लागली. १९७४ साली इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला चांदीच्या खडबडीत केलेल्या पत्र्यावर चिकटलेल्या पिरिडीनची रामन खूण अवाच्या सवा ठळक मिळाली, १९७७ साली ती वाढ खरी असल्याचे नक्की झाले, १९८५ साली जॉन वेसल यांनी धातूचा एकच कण वापरण्याची कल्पना मांडली, आणि २००० साली झुरिक, ओसाका यांसह काही ठिकाणी धातूचे टोक रेणूंच्या अगदी जवळ आणून त्यांची खूण प्रत्यक्ष टिपली गेली. २०१३ साली चीनमधल्या हफेइ इथे एकाच रेणूच्या आतले भाग नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशिलात वेगळे दिसले.

माझे स्वतःचे संशोधन याच टोकांवर झाले. पाव मिलिमीटर जाडीची सोन्याची तार घ्यायची. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणावर प्लॅटिनमच्या तारेची कडी टेकवायची, कडीच्या मधोमध सोन्याची तार उभी सोडायची आणि वीजदाब लावायचा. तारेभोवती बारीक बुडबुडे उठतात, द्रव पिवळा पडत जातो. पृष्ठभागापाशी तार झिजत जाऊन बारीक होते आणि शेवटी खालचा तुकडा स्वतःच्या वजनाने गळून पडतो. करंट एकदम खाली येतो. त्याच क्षणी सर्किट तुटले पाहिजे. उशीर झाला की टोक बोथट. चांगल्या टोकाची गोलाई वीस-तीस नॅनोमीटरची निघते, आपल्या केसाची जाडी ऐंशी हजारांच्या घरात. ही तार मग क्वार्ट्झच्या इवल्याशा काट्याला चिकटवायची. असा काटा मनगटी घड्याळात असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा. टोक पृष्ठभागाजवळ पोहोचले की त्याचे कंपन मंदावते, आणि आता एक-दोन नॅनोमीटर अंतर उरले हे कळते.

लाल लेसर लावून ठेवलेला असतो. टोक वर असताना पडद्यावर जवळजवळ सपाट रेघ दिसते. टोक खाली आणावे, तर त्याच रेघेतून शिखरे वर येतात, एकेक शिखर म्हणजे रेणूचे एकेक कंपन. टोक थोडे उचलावे, शिखरे जातात. लेसर तोच, त्याची शक्ती तीच, काचेवरचे रेणू तेच. फरक दहा-वीस नॅनोमीटरचा. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा मी टोक कितीतरी वेळ वरखाली करत बसले होते.

तिथे घडते ते असे. उजेड पडलेल्या कुठल्याही वस्तूभोवतीच्या क्षेत्राचे दोन भाग असतात. एक भाग वस्तूपासून सुटतो, प्रवास करतो, भिंतीपर्यंत, डोळ्यापर्यंत, ताऱ्यापासून आपल्यापर्यंत येतो. दुसरा भाग वस्तूला धरून राहतो. तो कुठेही जात नाही आणि अंतर वाढताच झपाट्याने संपतो. पांढुर्ण्याच्या दुकानांत हल्ली कार्ड मशीनजवळ धरून पैसे दिले जातात, ते याच दुसऱ्या भागावर चालते. त्या मशीनची लहर बावीस मीटर लांबीची असते, पण व्यवहार होतो तो चारेक सेंटिमीटरच्या आत. दुकानाच्या दारातून कार्ड दाखवून भागत नाही. सोन्याच्या टोकापाशी धातूतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र हेलकावे घेतात आणि हे न जाणारे क्षेत्र टोकाशी दाटून येते. टोक नवा प्रकाश तयार करत नाही. लेसरचाच प्रकाश तिथे एकवटतो. आणि रेणू जे परत देतो तेही त्याच टोकातून मोठे होऊन बाहेर पडते. जाताना वाढ, येताना वाढ. क्षेत्र दहापट झाले तर खूण दहा हजारपट होते.

म्हणजे प्रकाश सगळीकडे आहे हे खरे, आणि त्यातला एक भाग फक्त जवळच मिळतो हेही खरे. दोन्ही एकाच वेळी, एकाच दिव्याबद्दल. पहिले विधान कितीही ठामपणे म्हटले तरी दुसरे त्यातून निघत नाही, आणि दुसऱ्याने पहिले खोटे पडत नाही. यावरून देव आहे हे सिद्ध होते असे मी म्हणत नाही. सोन्याच्या तारेवर तेवढा भार टाकणे मला मान्य नाही. माझा दावा लहान आहे. 'सगळीकडे आहे, म्हणून जवळ जाण्याला अर्थ नाही' हा युक्तिवाद अनेकांना निर्विवाद वाटतो. तो प्रकाशाच्या बाबतीतही टिकत नाही, मग देवाच्या बाबतीत तो आपोआप टिकेल असे कोणी धरून चालू नये.

माझे आजोळ वरुडकडचे, महानुभाव. पांढुर्ण्याहून वरुड, मोर्शी ओलांडले की रिद्धपूर फार दूर नाही, आणि आजी वय झाल्यावरही तिथे जायची. भेटलेल्या प्रत्येकाला 'दंडवत' म्हणायची. आई एकदा तिला वैतागून म्हणाली, 'काहून जातं एवढ्या उन्हात? देव इथं नाई का?' आजी चपला घालत म्हणाली, 'देव कुठी नाई? पण स्वामी इथं बसले नाई ना, बाई.' ती शिकलेली नव्हती, पण महानुभाव विचाराचा गाभा तिने त्या एका वाक्यात सांगितला, असे मला आता वाटते. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर ही चार तत्त्वे या पंथात वेगवेगळी आणि अनादी मानतात. जीव आपल्या बळावर परमेश्वरापर्यंत पोहोचत नाही. परमेश्वर अवतार घेऊन येतो, तेव्हा त्याचे सन्निधान लाभते, आणि ज्ञान, प्रेम जे काही मिळते ते त्या सन्निधानात. ते मागून मिळत नाही, हट्टाने मिळत नाही. माझ्या टोकांचेही तसेच. एकाच आम्लात, एकाच दुपारी केलेली दोन टोके सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच देखणी दिसतात आणि त्यातले एकच रेणूला बोलते करते. दुसरे का गप्प राहते ते पुष्कळदा कळत नाही. तयारी करावीच लागते आणि तयारीने हमी मिळत नाही. प्रयोगशाळेतल्या कितीतरी संध्याकाळी मला आजीचा पंथ त्या जागी अधिक समजला.

पण या विचारात एक कठीण जागा आहे. जे प्रवासच करत नाही, ते दूरच्यांना कसे कळायचे? १२७४ साली पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी, आजीचे 'स्वामी', उत्तरेकडे निघून गेले. शिष्य रिद्धपुरात स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या सेवेत राहिले, पुढे गोविंदप्रभूही गेले, आणि मग असन्निधानाचा काळ सुरू झाला. माणसे सैरभैर झाली. नागदेवाचार्यांच्या भोवती जमलेल्या त्या लोकांनी स्वामींच्या जाण्यानंतर जे केले त्याबद्दल मला फार आदर आहे. म्हाइंभटांनी ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले होते त्यांना गाठून त्यांच्या आठवणी गोळा केल्या, आणि लीळाचरित्र झाले. उपदेश तेवढा ठेवून बाकीचे त्यांनी गाळले नाही. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कोणाला काय बोलले, कोण रुसले, सगळे लिहिले. मूळ पोथी पुढे धाडीत गेली आणि लोकांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली, असे परंपरा सांगते.

माझ्या यंत्रातही हेच घडते. टोकाजवळचे ते क्षेत्र कुठल्याही शोधकापर्यंत कधीच पोहोचत नाही. ते ज्या रेणूला लाभले, त्या रेणूने विखुरलेला, रंग बदललेला प्रकाश तेवढा दूर येतो, आणि त्यावरून मागचे सगळे आम्ही ओळखतो. सान्निध्याचा दुसरा पुरावा नाही. जो जवळ होता त्याच्यात काय बदलले, ते पाहायचे. लीळाचरित्र वाचताना मला स्वामींची शिष्या महदाइसा हिचे प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे वाटतात. ती सतत विचारते, पुन्हा विचारते, समाधान होईपर्यंत सोडत नाही. स्वामी काय होते याचे वर्णन कुणीही करावे. त्यांच्या जवळ राहून एका विधवा बाईला तेराव्या शतकात एवढे निर्भय प्रश्न विचारता आले, ही खूण मला जास्त विश्वासाची वाटते.

जवळीक म्हणजे पूर्ण ज्ञान, असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडच्या दर्शनकारांनी यावर फार बारीक वाद घातला आहे. नैयायिक म्हणत, इंद्रिय विषयापर्यंत पोहोचते तेव्हाच ज्ञान होते, डोळासुद्धा आपल्या तेजाने वस्तूला जाऊन भिडतो. बौद्ध आणि जैन आचार्यांना डोळ्याबद्दल हे मान्य नव्हते. जैनांचा एक मुद्दा मला फार आवडतो: डोळा भिडून पाहत असता, तर डोळ्यातले काजळ त्याला सगळ्यांत आधी दिसले असते. फार जवळचे दिसत नाही, हे त्यांनी बरोबर हेरले होते. आमचे टोकही रेणूला टेकले की बिघडते. धातू रेणूशी बंध जोडतो आणि मिळणारी खूण त्या जोडीची असते, एकट्या रेणूची नसते. लेसर जरा वाढवला तर टोकाखालचा रेणू जळतो आणि पडद्यावर फक्त कोळशाचे दोन रुंद उंचवटे राहतात. शिवाय टोक जे दाखवते तेही एकाच अंगाने: टोकाच्या रेषेत होणारी कंपने ठळक, आडवी कंपने फिकी. दुरून पाहणाऱ्याला सगळ्या बाजू थोड्या थोड्या दिसतात, जवळच्याला एक बाजू लख्ख. गुरूच्या अतिसहवासात राहिलेली माणसे त्याच्याबद्दल इतकी वेगवेगळी का बोलतात, याचे उत्तर मी त्यांच्या खोटेपणात शोधत नाही. प्रत्येकाच्या रेषेत जे आले ते त्याने पाहिले.

एक टोक, त्याखाली मूठभर रेणू. बाजूच्या रेणूला काहीच लाभत नाही. हा खटका माझ्या मनात बरीच वर्षे होता, आणि तो २०१० साली चीनमधल्या शियामेन विद्यापीठातून आलेल्या एका शोधनिबंधाने सैल केला. त्यांनी टोकच बाजूला ठेवले. सोन्याचे पन्नासेक नॅनोमीटरचे कण घेतले, प्रत्येकावर दोन-चार नॅनोमीटर जाडीचे सिलिकाचे कवच चढवले, आणि ते कण पृष्ठभागावर पसरून टाकले. प्रत्येक कण आपल्या खालच्या रेणूंसाठी टोकाचे काम करतो. कवचामुळे सोने अगदी जवळ येते आणि तरी शिवत नाही. आणि हे त्यांनी ज्यांवर दाखवले त्यांत संत्रेही होते. सालीवर राहिलेले मिथाइल पॅराथिऑन हे कीटकनाशक सहज सोबत नेता येणाऱ्या यंत्राने ओळखले. मी संत्र्याच्या बगीच्यात वाढले. कोळशीने झाडे काळी पडलेली वर्षे पाहिली, आंबिया बारासाठी वडिलांनी एकामागून एक मारलेले फवारे पाहिले, आणि त्या हातांनी ते तसेच जेवायला बसलेलेही पाहिले. पांढुर्ण्याच्या मंडीत हे यंत्र यावे असे मला मनापासून वाटते. आणि त्या निबंधातल्या पसरलेल्या कणांवरून मला महानुभावांची स्थानपोथी आठवली. स्वामी एका जागी राहिले नव्हते. ते आयुष्यभर चालत राहिले, आणि जिथे जिथे ते थांबले, बसले, जेवले, त्या जागा अनुयायांनी एकेक नोंदवून ठेवल्या, त्यांवर ओटे बांधले. ओट्याच्या दगडाचा तुकडा, ज्याला विशेष म्हणतात, तो आजीच्या देवपूजेत होता. एकच गाभारा आणि एकच वाट असे त्या नोंदींत नाही; जवळ जाण्याच्या जागा गावोगाव पसरलेल्या आहेत.

गोविंदप्रभू अस्पृश्य मानलेल्यांच्या वस्तीत जात, असे त्यांचे चरित्र सांगते. मी हे श्रद्धेने सांगते, पण त्यात एक हिशेबही आहे. जवळीक खरी असेल, तर ती कोणाला मिळते आणि कोणाला नाकारली जाते, हा न्यायाचा प्रश्न होतो. आणि इथे 'देव सगळीकडे आहे' या वाक्याचा जो वापर झाला त्याचा मला राग आहे. दाराबाहेर उभ्या केलेल्या माणसांची समजूत याच वाक्याने घातली गेली: तुझ्या अंतरात देव आहे, आत येऊन काय करशील? चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराच्या पायाशी आहे, आणि त्यांच्या भक्तीची थोरवी गाताना आपण हे विसरतो की त्यांना मिळाला तो फक्त दूरचा उजेड. समजूत घालणारे स्वतः गाभाऱ्यात उभे होते. देव सगळीकडे सारखाच होता, तर त्यांनी आपली जागा का सोडली नाही?

१ मे १९४७ ला साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून. १० मे रोजी उपोषण सुटले आणि मंदिर खुले होण्याचा मार्ग मोकळा झाला. गुरुजींसारख्या माणसाला देव चराचरात आहे हे कोणी सांगायला नको होते. तरीही त्यांनी प्राण पणाला लावला तो काही हातांच्या अंतरासाठी.

आता पैसे भरून जवळचे दर्शन देणाऱ्या रांगा मोठ्या देवळांत सर्रास झाल्या आहेत. सान्निध्य खोटे असते, तर त्याला किंमत आली नसती. विकणाऱ्यांना ते पक्के ठाऊक आहे. आमच्या जामसावळीत श्री हनुमान लोकाचे भूमिपूजन २०२३ साली झाले, त्याच वर्षी पांढुर्णा जिल्हाही झाला. रुंद रस्ते, सावली, पाणी, बसायला जागा, सगळे व्हायलाच हवे. लांबून येणारे लोक आजवर उन्हात ताटकळले आहेत. मला त्या आराखड्यातले एक माप मात्र पाहायचे आहे: लांबच्या कुठल्या खेड्यातून बस बदलत आलेली, रांगेत सगळ्यांत मागे असलेली बाई मूर्तीपासून किती हातांवर थांबवली जाणार आहे, आणि तिच्या पुढे उभे राहण्याचा अधिकार कोणाला आणि कशाच्या बळावर मिळणार आहे. या प्रश्नाला 'देव सगळीकडे आहे' हे उत्तर मी चालू देणार नाही.